सोळा बटणांची स्पर्धा

साल दोन हजार बावीस. सालाबद्दल कुणी वाद घालू नये, कारण त्याच साली इमारतीची लिफ्ट बदलली, त्याच साली दुसऱ्या मजल्यावरच्या ऑडिटरांनी मिशा काढल्या आणि त्याच साली एप्रिलमध्ये बाई शाळेतून निवृत्त झाल्या. पिकलबॉलची स्पर्धा नोव्हेंबरातली. म्हणजे तोवर बाईंना घरी बसून सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत त्यांना कुणी काही विचारायला म्हणून आलं नव्हतं.

बाई शिकवायच्या भूगोल, पण भूगोलासाठी त्यांना कुणी ओळखत नसे. सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी केलं. एक्केचाळीस शिक्षक, बावीस तुकड्या, एकच प्रयोगशाळा. जूनच्या आधीचे पंधरा दिवस मुख्याध्यापकसुद्धा त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक करून आत यायचे. कुणाला पहिला तास नको असायचा, कुणाला जेवणानंतरचा. एका गणिताच्या सरांना तर चित्रकलेच्या सरांशेजारचा वर्गच नको होता, कारण ते गात चित्र काढायचे. बाई सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी स्वतःच्या मनाप्रमाणे करत. त्यांना सगळे वेळापत्रकबाई म्हणत आणि त्या नावात थोडी भीती असे, जी बाईंना मुळीच वाईट वाटत नसे.

निरोपसमारंभात मुख्याध्यापक म्हणाले की बाईंची उणीव भासेल, पण काळजीचं कारण नाही, शाळेनं नवा संगणक घेतलाय, तो चार मिनिटांत वेळापत्रक करतो. टाळ्या पडल्या. टाळ्या बाईंनीही वाजवल्या. हातात फुलं होती म्हणून आवाज आला नाही, इतकंच.

तर पिकलबॉल. हा खेळ इमारतीत आणला पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू, हातात गुळगुळीत फळी, मध्ये कमरेएवढी जाळी. टेनिससारखा दिसतो, पण साठीतल्या माणसालाही धाप न लागता खेळता येतो, निदान असं डॉक्टरीणबाई सांगायच्या. त्या स्वतः कॉलेजात टेबलटेनिसच्या कप्तान होत्या, हे त्या सांगायच्या नाहीत. ते समोरच्याला पहिल्या दोन चेंडूंत कळायचं.

खाली गाड्या लावायच्या जागेत मैदान आखलं ते बाईंच्या यजमानांनी. ते निवृत्त भूमापक. चव्वेचाळीस फूट बाय वीस फूट ही मापं त्यांनी पोलादी टेप लावून तीन वेळा घेतली आणि इमारतीची उत्तरेकडची भिंत दीड इंच तिरकी असल्याचा शोधही त्याच भरात लावला. खेळाडू म्हणून मात्र त्यांची पत बेताची होती. चेंडू रेषेजवळ पडला की ते खेळ थांबवून खिशातून टेप काढायचे. मोजून होईपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन पाणी पिऊन यायचा.

खेळ जमला तशी स्पर्धेची टूम निघाली. पालिकेच्या क्रीडा कार्यालयाकडून वस्त्यांना एक फिरता चषक मिळतो अशी बातमी सेक्रेटरींनी आणली. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी, चौथा मजला, स्वभावानं उत्साही आणि कुठलंही काम एका दुपारीत उरकावं अशा मताचे. त्यांनी सूचनाफलकावर कागद लावला: आपापला जोडीदार निवडून जोडीनं नावं लिहावीत. खेळणारे सोळा, म्हणजे आठ जोड्या. सरळ बाद पद्धत, सात सामने, पावणेदोन तासांत निकाल आणि चहा.

तीन दिवसांनी बाई दूध आणायला खाली उतरल्या तेव्हा त्यांनी तो कागद वाचला. डॉक्टरीणबाईंना पाच जणांनी जोडीदार म्हणून लिहिलं होतं. ऑडिटरांनी तर शाईच्या पेनानं लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती. आणि सगळ्यात खाली यजमानांचं नाव होतं, सुवाच्य अक्षरात, आणि त्याच्यापुढे कोरी जागा. यजमानांनी तीही पट्टीनं आखून ठेवली होती.

घरी येऊन बाईंनी विषय काढला नाही. यजमानांनीच काढला. म्हणाले, "मला काय, मी पंच म्हणून उभा राहीन. पंचाला जोडीदार लागत नाही." आणि पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता.

बाई उठल्या. त्यांनी कपाटाच्या तळातून बटणांचा डबा काढला.

हा डबा म्हणजे त्यांच्या सव्वीस वर्षांची सगळी विद्या. मोठ्या ताव-कागदावर चौकोन आखायचे, प्रत्येक शिक्षकाचं एक बटण ठरवायचं आणि ती बटणं चौकोनांतून हलवत बसायचं. एका चौकोनात दोन बटणं आली की अडचण दिसते, रिकामा चौकोन राहिला की तोही दिसतो. आता सोळा खेळाडूंची सोळा बटणं. मनातला बेत असा, की जोड्या ठरवायच्याच नाहीत. प्रत्येकजण प्रत्येकाचा जोडीदार एकदा होईल. डॉक्टरीणबाई सगळ्यांच्या वाट्याला येतील आणि यजमानही.

सेक्रेटरींनी हे ऐकलं आणि प्रेमानं हसले. "बाई, छान कल्पना आहे. पण असल्या गोष्टींना हल्ली अ‍ॅप असतं हो. चार मिनिटांत करून देतं."

ते चार मिनिटं म्हणाले नसते तर कदाचित बाईंनी नाद सोडलाही असता.

"मला नऊ दिवस लागतील," बाई म्हणाल्या. "आणि नाही जमलं तर तुमची बाद पद्धत. मग मी पुन्हा कागदाला हात लावणार नाही."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती, पण बोलल्या खऱ्या. जिन्यात तेव्हा चौघे उभे होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते साऱ्या इमारतीत झालं.

मग सल्ले सुरू झाले. ऑडिटरांचं म्हणणं की खरी न्याय्य ती साखळी, त्यातही गुणांची सरासरी काढून तिला प्रतिस्पर्ध्याच्या गुणांच्या सरासरीनं भागावं. त्यांनी उदाहरणादाखल एक कोष्टक आणून दिलं. ते समजावून घ्यायला दुसरं कोष्टक लागत होतं. लिफ्ट दुरुस्तीवाल्यानं, त्याला कुणी विचारलं नसताना, हरणाऱ्याला आणखी एक संधी द्यावी असं सुचवलं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे उभी करून त्याची बाजू समजावली. आत बाई होत्या, त्यामुळे ऐकणं भाग होतं. पण त्यानंतर जे सुरू झालं त्यानं बाईंचा चेहरा जूनमधल्यासारखा दिसू लागला. दाराची घंटा वाजू लागली. कुणाला पहिला सामना नको, जेवण अंगावर आलेलं असतं. कुणाला नवऱ्याचा जोडीदार व्हायचं नव्हतं. बाई म्हणाल्या की एकदा व्हावंच लागेल, फक्त पंधरा मिनिटं, मनाची तयारी ठेवा. सेक्रेटरी आपलं बटण बघायला आले. ते तपकिरी होतं आणि त्याच्या चारपैकी एका भोकाचा टवका उडाला होता. डॉक्टरीणबाईंचं मोत्यासारखं पांढरं. सेक्रेटरींनी जाताना दोन वेळा वळून बघितलं.

काम सोपं नव्हतं. पंधरा फेऱ्या, फेरीत चार सामने, एकूण साठ. सातव्या दिवशी लक्षात आलं की ऑडिटर आणि डॉक्टरीणबाई दोनदा जोडीदार झालेत आणि तेराव्या फेरीत कोटाचं मोठं काळं बटण, म्हणजे यजमान, स्वतःच्याच विरुद्ध उभे आहेत.

"राहू दे तसंच," यजमान म्हणाले. "निदान तो तरी जिंकेन."

नवव्या दिवशी चार वाजता शेवटचं बटण जागेवर बसलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सगळा तक्ता परत एकदा तपासला. चूक नव्हती. पाच रविवार, तीन ते सहा, दर रविवारी बारा सामने, कुणालाही लागोपाठ दोन नाहीत.

आता राहिला अर्ज. चषक हवा तर क्रीडा कार्यालयाचा अर्ज आणि अर्जात प्रश्न: स्पर्धेचे स्वरूप. पुढे दोन चौकोन, बाद आणि साखळी. खिडकीतल्या कारकुनानं एकात खूण करायला सांगितली. बाई म्हणाल्या, दोन्ही नाही. कारकून म्हणाला, मग स्पर्धा नाही. बाईंनी विचारलं की तिसरं काही असूच शकत नाही असा नियम आहे का. त्यानं पुस्तक काढलं, फुंकर मारली, आणि बराच वेळ वाचून सांगितलं की "इतर" असं हातानं लिहिता येतं, पण त्याला स्वरूपाचं स्पष्टीकरण परिशिष्ट म्हणून जोडावं लागतं, तीन प्रतींत. बाई तिथल्याच बाकावर बसल्या आणि तीन प्रती हातानं लिहून काढल्या. शेवटचं वाक्य सव्वीस वर्षांच्या सवयीनं आपोआप उतरलं, ते त्या दर जूनमध्ये वेळापत्रकाच्या तळाशी लिहीत: एकही तास रिकामा जाणार नाही, यातच या योजनेचे यश मानले जाईल.

कारकुनानं तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. मग त्यानं तक्ता मागून घेतला, बराच वेळ बोट फिरवत पाहिला, आणि आमच्या इथल्या पाळ्यांचं असं काही होईल का, असं हळूच विचारलं. बाई परत येताना पायी आल्या. बस समोरून गेली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पहिला रविवार. गाड्या समोरच्या रस्त्यावर गेल्या, त्या सहाला परत यायच्या होत्या. बाई घड्याळ, तक्ता आणि दोन पेनं घेऊन खुर्चीवर बसल्या. दुसऱ्याच सामन्याला ऑडिटर गैरहजर. मेव्हण्याकडे अडकले होते. तिघे फळ्या घेऊन उभे, चौथा नाही, आणि नेमके त्याच वेळी पहिल्या मजल्यावरचे काका जिन्यातून उतरले.

या काकांना इमारतीत वामकुक्षी म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळी केली होती. नोकरी संपली तरी दुपारी दोन ते पाच झोपण्याची सवय गेली नव्हती, आणि मैदान बरोबर त्यांच्या खिडकीखाली होतं. ते सपाता घालून, चुरगळलेल्या सदऱ्यात, तक्रार करायला आले होते. तक्रार त्यांनी पाठ करून आणली असावी, कारण सुरुवात फार चांगली होती.

पण बाईंनी ती ऐकलीच नाही. शाळेत एखादे सर रजेवर असले की स्टाफरूमजवळून मोकळा जाणारा जो कोणी पहिला दिसेल त्याला बाई बदली तास द्यायच्या. इतक्या वर्षांत तो हात आपोआप उचलला जायचा. तो उचलला गेला. हातात फळी होती.

"हा तास तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या.

पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तो आवाज बरोबर कळतो. काकांनी फळी घेतली. पंधरा मिनिटं ते सपाता घालून खेळले, मधे मधे तक्रार पुरी करत होते, आणि एक चेंडू उंच मारताना त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटून उडालं. बाईंनी ते उचलून डब्यात टाकलं. मग बदली तासांची वही पुढे केली. तारीख, कुणाचा तास, कुणी घेतला, सही. काकांनी सही केली आणि पुढे कंसात लिहिलं: निषेधासह.

पुढच्या रविवारी ते पुन्हा तक्रार करायला उतरले. पुन्हा कुणीतरी कमी होतं. एकाचा पाय मुरगळला होता, दुसऱ्यांकडे पाहुणे होते, डॉक्टरीणबाईंना कुणाचा तरी सुजलेला दात आडवा आला. काका दर वेळी निषेधासह सही करत. तिसऱ्या रविवारी सपाता जाऊन चपला आल्या. चौथ्या रविवारी ते तीनला पाच कमी असतानाच तक्रार करायला हजर होते. त्या चार रविवारांत त्यांनी अकरा बदली तास घेतले. एवढे बदली तास शाळेत वर्षभरात कुणी घेतले नव्हते.

आणि तक्ता चालला. हे सांगायलाच हवं. एकदाही दोघांचा गोंधळ नाही, एकदाही मैदान रिकामं नाही. यजमान डॉक्टरीणबाईंचे जोडीदार झाले त्या दिवशी त्यांनी टेप घरी ठेवला होता. जिंकले की हरले ते त्यांनी सांगितलं नाही, पण जेवताना दोनदा आपणहून भांडी उचलली. सेक्रेटरींनीही एकदा जिन्यात थांबून, बाई, जमतंय हं तुमचं, असं म्हटलं. बाई नुसत्या हसल्या. प्रत्येक सामना संपला की त्या चौकोनात लाल पेनानं बरोबरची खूण करायच्या, जशी तास झाला की करायच्या.

पाचव्या रविवारी कुणीच गैरहजर नव्हतं. शेवटची खूण सहाला दहा कमी असताना झाली. क्रीडा अधिकारी आले होते, टेबलावर चषक होता. अधिकाऱ्यांना वीस मिनिटांत दुसरीकडे पोचायचं होतं. त्यांनी पेन उघडलं, अर्जाच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. विजेत्याचे नाव, एकच.

"कोण?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. साठ चौकोन, साठ लाल खुणा. गुणांचा रकाना नव्हता.

वेळापत्रकात नसतोच. तास झाला की झाला. तो कोण जिंकलं हे शाळेत कुणी विचारत नाही. सव्वीस वर्षांत न झालेली चूक बाईंनी पाचही रविवार सगळ्यांसमोर, लाल पेनानं, अगदी व्यवस्थित केली होती. आणि सोळा जणांपैकी एकालाही ती दिसली नव्हती, कारण प्रत्येकाला आपापले सामने तोंडपाठ होते.

ते पाठांतर लगेच ऐकायला मिळालं. ऑडिटरांनी प्रत्येकाला किती जिंकले ते विचारून बेरीज केली. साठ सामने, सामन्याला दोन विजयी, म्हणजे विजय एकशेवीसच होऊ शकतात. बेरीज एकशे एकाहत्तर आली. त्यात ऑडिटरांचे स्वतःचे तेरा होते, त्यांबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती.

"म्हणून मी म्हणत होतो," सेक्रेटरी म्हणाले. वाईट बोलले नाहीत ते, हळूच बोलले, पण ते हळू बोलणंच बाईंना लागलं. समोरच्या रस्त्यावर गाड्यांची इंजिनं सुरू होत होती. बाईंनी तक्त्याची सुरळी करायला घेतली. जिन्यात म्हटलेलं ते शेवटचं वाक्य त्यांना आठवत होतं आणि इतरांनाही आठवत असणार.

तेवढ्यात यजमान शेजारी येऊन उभे राहिले. "अगं, तुझी दुसरी वही कुठाय?"

"कुठली दुसरी?"

"जिच्यात तू सगळं लिहितेस ती."

बाईंनी बदली तासांची वही उघडली. मग अर्जाला जोडलेलं परिशिष्ट उघडलं, कार्यालयाचा गोल शिक्का वर येईल असं अधिकाऱ्यांपुढे ठेवलं आणि शेवटचं वाक्य वाचलं. एकही तास रिकामा जाणार नाही, यातच या योजनेचे यश मानले जाईल. "तुमच्या कार्यालयानं मंजूर केलंय साहेब. यश कशात मानायचं ते लिहिलेलं आहे. अकरा तास रिकामे गेले असते. ते एकाच माणसानं भरले, प्रत्येकाची सही आहे."

अधिकाऱ्यांनी सह्या पाहिल्या. "निषेधासह?"

"ते त्यांचं मत आहे. तास घेतलाय की नाही ते बघा."

"पण हे सोळांत नाहीत."

"अर्जात विजेत्याचं नाव विचारलंय. सोळांतलाच हवा असं कुठं लिहिलंय ते दाखवा."

अधिकाऱ्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग शिक्का पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि विचारलं, "आहेत कुठे हे गृहस्थ?"

तेव्हा सगळ्यांना आठवलं की आज काकांना कुणी बोलावलंच नव्हतं. सगळे हजर होते, गरजच पडली नव्हती. वळून पाहिलं तर ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते, तीन वाजल्यापासून. पायात कोरे पांढरे खेळाचे बूट होते, नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या.

पहिली टाळी डॉक्टरीणबाईंनी वाजवली. मग ऑडिटरांनी, आपले तेरा विजय गिळून. सेक्रेटरींनी पुढे होऊन काकांना हात धरून आणलं. चषक मिळाल्याच्या पावतीवर काकांनी सही केली, जरा थांबले आणि पुढे कंसात लिहिलंच.

पुढच्या साली सेक्रेटरींनी अ‍ॅपवर बाद पद्धत केली. ती खरंच पावणेदोन तासांत आटोपली. पाऊण इमारत फळ्या काखेत धरून पुढचा तासभर उभी होती, काय करावं हे कुणाला सुचेना. त्याच्या पुढच्या साली सेक्रेटरी स्वतः बाईंचं दार वाजवून आत आले. आता तक्त्याला गुणांचा रकाना आहे, तो ऑडिटर भरतात, आणि बेरीज दर वर्षी दोनदा तपासतात. एकशे एकाहत्तरचा विषय निघाला की ते अजून खाली बघतात. मिशा त्यांनी परत ठेवल्या. डॉक्टरीणबाई दुसऱ्या शहरात गेल्या, जाताना पांढरं बटण मागून नेलं, ते त्यांच्या दवाखान्याच्या टेबलावर असतं म्हणतात. अधिकाऱ्यांची बदली झाली. कार्यालयाच्या अर्जात आता "विजेता हा स्पर्धक असावा" अशी ओळ आली आहे. तो कारकून दर तीन महिन्यांनी पाळ्यांचा कागद घेऊन येतो आणि दारावर टकटक करतो, घंटा असूनही. यजमान पंच झाले, गुडघ्यामुळे. टेप परत खिशात आला. शाळेचा संगणक चार मिनिटांत वेळापत्रक करतो, आणि ते चांगलं असतं, असं बाई मोकळ्या मनानं सांगतात. फक्त आजारातून उठलेल्या माणसाला पहिला तास देऊ नये एवढं त्याला अजून कळत नाही.

काका दुपारी झोपत नाहीत. सकाळी झोपतात. मागच्या महिन्यात ते वर आले होते, त्या जुन्या सदऱ्याला बटण नाही म्हणून, आणि ते बटण बाईंच्या डब्यात आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाईंनी डबा उघडून दाखवला. ते निळसर बटण सतराव्या जागी होतं, तक्त्यावर येत्या रविवारी त्याचे तीन सामने लागले होते.

"कामावर आहे ते," बाई म्हणाल्या. "आता सुट्टी देता येणार नाही. दुसरं देते, तेवढ्यावर भागवा."

काकांनी दुसरं बटण घेतलं. बाईंनी वही पुढे केली, कारण डब्यातलं काहीही सहीशिवाय बाहेर जात नाही. काकांनी चष्मा लावला, सही केली, आणि पेन परत देता देता थांबून कंस उघडला.